चेंडूचा बॅच नंबर जाहीर करा

प्रति,
अध्यक्ष आणि सचिव,
भारतीय क्रिकेट नियामक मंडळ, मुंबई



भोसरी किंवा चाकणच्या एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्याला मालाची जात बदलायची असो की पुरवठादार, आधी गिऱ्हाईक कंपनीला लेखी कळवावे लागते. नवे सॅम्पल, मोजमापांचा रिपोर्ट, मग मंजुरी आणि त्यानंतर लॉट रवाना. न कळवता केलेला बदल उद्या चांगला निघाला तरी ऑडिटमध्ये तो दोषच धरला जातो, कारण पुढे गाडीत काही बिघडले तर शोध कुठून सुरू करायचा, हेच कुणाला सांगता येत नाही. या पट्ट्याला लागूनच गहुंजेचे क्रिकेट मैदान आहे. तिथे ज्या चेंडूने कसोटी आणि रणजी सामने होतात, त्या चेंडूविषयी प्रेक्षकाला कंपनीच्या नावापलीकडे काही सांगितले जात नाही. चेंडू बदलू नका, असे माझे म्हणणे नाही. बदललात तर आधी सांगा आणि मोजून सांगा, एवढीच मागणी आहे.

क्रिकेटच्या कायद्यातले चौथे कलम चेंडूचे. पुरुषांच्या सामन्यांसाठी वजन १५५.९ ते १६३ ग्रॅम आणि घेर २२.४ ते २२.९ सेंटिमीटर हवा, असे ते सांगते. शिवण किती उंच, कातडे किती जाड, आतला दोरा किती ताणून गुंडाळलेला, यावर ते काही बोलत नाही. चेंडूचे मैदानावरचे वागणे मात्र याच गोष्टी ठरवतात. तिरकी धरलेली शिवण एका बाजूचा हवेचा थर ढवळते, त्या बाजूची हवा चेंडूला जास्त वेळ चिकटून राहते आणि चेंडू हवेत वळतो. शिवण दबली की हे संपले. मेरठचा एसजी आणि इंग्लंडचा ड्यूक्स हाताने शिवलेले, शिवण उठावाची. ऑस्ट्रेलियाच्या कूकाबुराच्या टाक्यांच्या सहा ओळींपैकी बाहेरच्या चार यंत्राने घातलेल्या, म्हणून ती लवकर बसते. तिन्ही चेंडू कायद्यात बसतात, आणि तिन्हींवर खेळले जाणारे क्रिकेट वेगळे असते. सामना चालू असताना पंचांकडे असतात फक्त दोन कड्या : एकीतून चेंडू गेला पाहिजे, दुसरीतून जाता कामा नये. कारखान्यात याला गो-नो गो गेज म्हणतात, आणि गेज पास झाले म्हणजे पार्ट चांगला असे होत नाही, हे आयटीआयमधून नुकत्याच आलेल्या ॲप्रेंटिसलाही ठाऊक असते. जुलै २०२५ मध्ये लॉर्ड्स कसोटीत दुसरा नवा चेंडू जेमतेम दहा षटकांत आकार हरवून बसला. त्याच्या जागी आलेला कड्यांतून व्यवस्थित गेला, पण आधीच्यासारखा हलेना. भारतीय खेळाडू पंचांशी हुज्जत घालत राहिले आणि काही षटकांतच तोही बदलावा लागला.

उघडपणे केलेल्या बदलाचा फायदा काय, हे एकदिवसीय सामन्यांत दिसले आहे. २००७ पासून ३४ षटकांनंतर चेंडू बदलण्याचा नियम होता. ऑक्टोबर २०११ पासून दोन्ही टोकांकडून दोन नवे चेंडू आले. त्यामुळे पन्नासाव्या षटकातही कुठलाच चेंडू पंचवीस षटकांहून जुना होईना. रिव्हर्स स्विंग जवळपास संपला आणि शेवटी फटके मारणाऱ्याच्या हाती टणक चेंडू राहिला. गहुंजेत जानेवारी २०१७ मध्ये इंग्लंडच्या ३५० धावा भारताने ११ चेंडू राखून पार केल्या. मार्च २०२१ मध्ये भारताच्या ३३६ धावा इंग्लंडने ४३.३ षटकांत गाठल्या. याचे सारे माप चेंडूच्या पदरात घालणे अन्यायाचे होईल. खेळपट्टी पाटा होती आणि फलंदाजीची रीतच बदलली होती. पण नियम सर्वांसमोर होता, त्यामुळे निदान भांडता तरी आले. सचिन तेंडुलकर यांनी २०१८ मध्ये दोन नव्या चेंडूंवर जाहीर टीका केली, गोलंदाजांनी दुजोरा दिला, आकडे मांडले गेले आणि जुलै २०२५ पासून आयसीसीने ३४ षटकांनंतर दोहोंपैकी एकच चेंडू पुढे चालवायचे ठरवले. आता शेवटच्या षटकापर्यंत तो ३३ षटके जुना होतो. (फिरून पुन्हा ३४ वरच आलो, हा भाग वेगळा.) तुमच्या मंडळानेही आयपीएल २०२५ च्या तोंडावर चेंडूला थुंकी लावण्यावरची बंदी उठवली आणि रात्रीच्या सामन्यांत दुसऱ्या डावातल्या दहा षटकांनंतर चेंडू बदलून मागण्याची मुभा दिली. हे बदल हंगामाआधी सांगितले, म्हणून कर्णधारांना त्याप्रमाणे आखणी करता आली.

घोळ आहे तो न दिसणाऱ्या बदलांचा. ऑक्टोबर २०१८ मध्ये विराट कोहलीने तक्रार केली की एसजी चेंडू पाच षटकांत खरवडला जातो, पूर्वी असे होत नव्हते. फेब्रुवारी २०२१ मध्ये चेन्नई कसोटीनंतर रविचंद्रन अश्विन म्हणाला की शिवणीवर असा फाटणारा एसजी चेंडू आपण पाहिलेला नाही. दोघांचेही म्हणणे खरे असेल. कदाचित मैदान जास्त खरखरीत होते, कदाचित कातडे वेगळे होते, कदाचित ती एकच खेप कच्ची होती. बाहेरच्या माणसाकडे या तिन्हींतून निवड करायला एकही मोजमाप नाही. भारताच्या कर्णधाराची तक्रारही शेवटी एक मत म्हणूनच उरली.

न सांगता चेंडू बदलल्यावर काय होते, ते जपानच्या व्यावसायिक बेसबॉलने दाखवले आहे. २०११ मध्ये तिथे सर्व संघांसाठी मिझुनो कंपनीचा कमी उसळीचा एकच चेंडू ठरला आणि आदल्या वर्षीचे १,६०५ होमरन ९३९ वर आले, २०१२ मध्ये ८८१ वर. २०१३ उजाडले तसे चेंडू पुन्हा मैदानाबाहेर जाऊ लागले. फलंदाज आणि गोलंदाज दोघेही विचारत होते, आणि चेंडू तोच आहे असे उत्तर मिळत होते. जूनमध्ये संघटनेने कबूल केले की तो गुपचूप बदलला होता. चेंडूवर आयुक्त र्योझो काटो यांची सही छापलेली, आणि ते म्हणाले, मला माहीत नव्हते! सप्टेंबरात त्यांनी पद सोडण्याचे जाहीर केले. त्या हंगामात १,३११ होमरन झाले. सदाहारू ओ यांचा १९६४ पासूनचा ५५ चा विक्रम मोडत व्लादिमीर बॅलेंटिनने ६० मारले. त्या साठांतले किती त्याच्या मनगटाचे आणि किती मिझुनोचे, याचा हिशेब आता कुणालाच लावता येत नाही. खेळाडूंचा राग तर निव्वळ रोकडा होता. त्यांच्या करारांत कामगिरीवर बोनस असतो, आणि कामगिरी मोजण्याचे साधनच त्यांना न सांगता बदलले होते.

अमेरिकेतल्या बेसबॉल लीगमध्ये लबाडी सिद्ध झाली नाही, तरी गोंधळ तेवढाच झाला. २०१४ मधले ४,१८६ होमरन २०१९ मध्ये ६,७७६ झाले. तज्ज्ञांच्या समितीला आढळले की चेंडूला हवेचा अडथळा कमी होऊ लागला आहे, आणि त्यामागचे एक कारण होते शिवणीच्या उंचीतला, डोळ्याला न दिसणारा फरक. सारे चेंडू ठरलेल्या टॉलरन्समध्ये होते. २०२१ मध्ये तर एकाच हंगामात दोन तऱ्हेचे चेंडू वापरले गेल्याचे लीगने नंतर मान्य केले.

यावर पहिला आक्षेप असा येईल की आपल्याकडे निकाल खेळपट्टी लावते, चेंडू नव्हे. गहुंजेतच पाहा : २०१७ मध्ये स्टीव्ह ओकीफने ७० धावांत १२ बळी घेतले, २०१९ मध्ये कोहलीने नाबाद २५४ केल्या, २०२४ मध्ये मिचेल सँटनरने १३ बळी घेऊन मालिका न्यूझीलंडच्या खिशात घातली. कंपनी प्रत्येक वेळी एसजीच. खेळपट्टीचा वाटा मोठा, हे मान्यच. पण २०१७ ची खेळपट्टी निकृष्ट होती हे आज ठामपणे म्हणता येते, कारण सामनाधिकाऱ्याने तसा अहवाल दिला आणि तो शेरा जाहीर झाला. चेंडूला असा शेरा नाही. दोन गोष्टी एकाच वेळी बदलत असतील आणि नोंद एकीचीच ठेवली, तर सगळा दोष नोंद असलेल्या गोष्टीवरच जाणार. बिचाऱ्या क्युरेटरचे नशीब!

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कातडे जनावराचे, शिवण माणसाच्या हाताची. त्याला बेअरिंगमधल्या पोलादी गोळीचा नेमकेपणा कुठून येणार? येणार नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. म्हणूनच एका चेंडूचा नव्हे, खेपेचा आकडा हवा : सरासरी शिवण किती उंच आणि फरक किती. हाताच्या कामात फरक राहणारच, पण तो किती आहे हे लपवण्याचे कारण नाही. नव्या चेंडूची चाचणी साठ षटकांनंतरची झीज सांगू शकत नाही, हेही खरे. तर सामन्यानंतर वापरलेले चेंडू परत मागवा आणि तेही मोजा. कंपनीच्या गुपिताचा मुद्दा मला पटत नाही. कातडे कसे कमावले, दोरा कसा गुंडाळला, हे तिचे. तयार मालाचा इन्स्पेक्शन रिपोर्ट हा गिऱ्हाइकाचा हक्क, आणि इथे गिऱ्हाईक तुम्ही आहात. सट्टेबाजांना माहिती मिळेल, असेही कुणी म्हणेल. सर्वांना एकाच वेळी मिळालेल्या माहितीपेक्षा चार जणांनाच ठाऊक असलेली माहिती सट्ट्याला जास्त उपयोगी पडते. राहिला खर्च. मंडळाच्या तिजोरीपुढे तो शब्द उच्चारायलाही संकोच वाटतो.

हे सगळे करण्याचे खरे कारण रणजीत आहे. विराट किंवा अश्विन बोलला तर बातमी होते. महाराष्ट्राकडून खेळणारा एखादा तरुण मध्यमगती गोलंदाज एका मोसमात चाळीस बळी घेतो, पुढच्या मोसमात पंधरा. निवड समिती आकडे पाहते, आयपीएलच्या लिलावात संघमालक आकडे पाहतात. मधल्या काळात चेंडूची शिवण खाली आली होती का, हे विचारायची त्याची हिंमत नसते, आणि विचारले तरी उत्तर कुणाकडे नसते.

म्हणून विनंती अशी. येत्या रणजी हंगामात गहुंजेच्या सामन्यांपासून सुरुवात करावी. प्रत्येक खेपेतले काही चेंडू बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासावेत. भोसरी-चिंचवडला तशा प्रयोगशाळांची वाण नाही. वजन, घेर, शिवणीची उंची, टणकपणा आणि उसळी हे पाच आकडे नाणेफेकीपूर्वी मंडळाच्या संकेतस्थळावर टाकावेत, आणि धावफलकात पंचांच्या नावांखाली एक ओळ वाढवावी : चेंडू, कंपनी, बॅच नंबर. सामन्यात चेंडू बदलला तर कितव्या षटकात, कुठल्या कारणाने आणि बदली चेंडू किती षटके जुना, हेही तिथेच यावे. कंपनीने रचनेत किंवा मालात बदल केल्यास तो हंगाम सुरू होण्याच्या तीन महिने आधी सर्व राज्य संघटनांना लेखी कळवावा आणि नमुन्याचे चेंडू सरावासाठी पाठवावेत. पत्राची प्रत महाराष्ट्र क्रिकेट संघटनेला देत आहे. त्यांनी गहुंजेतल्या पहिल्या सामन्यापुरती संमती दिली तरी काम सुरू होऊ शकते.

कळावे,
पिंपरी-चिंचवडमधील एक क्रिकेटप्रेमी