वेगवान नौकेची खरी कसोटी

नौकेची योग्यता तिच्या वेगावरून ठरविण्याची रूढी जुनी आहे. शांत पाण्यावर ठराविक अंतर किती वेळात कापले, एवढे मोजले की परीक्षा संपली, असा समज सर्रास आढळतो. परंतु खवळलेल्या समुद्रावर वेगाची मर्यादा बहुधा यंत्र ठरवीत नाही. ती नौकेत बसलेल्या माणसाचा कणा ठरवितो. म्हणून कण्यापर्यंत पोहोचणारा धक्का हीच वेगवान नौकेची खरी कसोटी मानली पाहिजे.

संथ नौका आपल्या वजनाइतके पाणी बाजूस सारून तरंगते. वेग पुरेसा वाढला म्हणजे तळाखालील पाण्याचा दाब तिला वर उचलतो व ती पृष्ठभागावरून घसरत धावू लागते. अशी नौका लाटेच्या माथ्यावरून सुटली की पुढच्या लाटेवर आदळते. १ मीटर उंचीवरून पडणाऱ्या वस्तूस सेकंदाला सुमारे ४.४ मीटर वेग येतो. तो १० सेंटिमीटर अंतरात थांबविला, तर सरासरी मंदन गुरुत्वीय प्रवेगाच्या १० पट होते. ५० सेंटिमीटर अंतर मिळाले, तर ते केवळ २ पट राहते. धक्का सौम्य करणे म्हणजे थांबण्यास अंतर मिळवून देणे होय.

हे अंतर तीन मार्गांनी मिळते. पहिला मार्ग आकाराचा. रेमंड हंट यांनी रचलेला खोल, पाचरीसारखा तळ पाण्यात एकदम न आपटता क्रमाक्रमाने शिरतो. असा तळ असलेल्या ‘मॉपी’ या नौकेने १९६० मध्ये खवळलेल्या समुद्रात मायामी-नॅसो शर्यत जिंकली. दुसरा मार्ग जोडनौकेचा. ‘कॅटामरान’ हा शब्द तमिळ ‘कट्टुमरम’, म्हणजे बांधलेली लाकडे, यावरून आला. मूळचा तो तराफा. आज त्या नावाने दोन काया जोडलेली नौका ओळखली जाते. दोन कायांतील अंतरामुळे स्थैर्य लाभते. म्हणून प्रत्येक काया अरुंद व धारदार ठेवता येते. मात्र त्यांना जोडणारा सपाट भाग लाटेवर आपटण्याचे भय उरते. तिसरा मार्ग टांग्याच्या कमानींचा. प्रत्येक काया आपापल्या लाटेबरोबर वरखाली व्हावी व वरचा मंच स्थिर राहावा, अशी ही योजना. उगो कॉन्टी यांनी २००७ मध्ये दाखविलेली सुमारे ३० मीटर लांबीची ‘प्रोटियस’ नौका हवा भरलेल्या दोन कायांवर स्प्रिंगांच्या आधारे उभी होती.

या योजनेवरील आक्षेप खोटे नाहीत. वजन वाढले की घसरत धावणे कठीण होते; खारे पाणी सांधे खाते; आणि ऊर्जा जिरविणारा शोषक नसेल, तर स्प्रिंग साठविलेला धक्का परत फेकते. यावर काही जण धक्काशोषक आसन पुरेसे मानतात. जुन्या नौकांसाठी हा उपाय स्वस्त व स्वागतार्ह आहे. परंतु आसन केवळ बसलेल्यास वाचविते. दोर घेऊन उभा असलेला खलाशी, आडवा ठेवलेला जखमी व खाली जखडलेले यंत्र यांना त्याचा उपयोग नाही. कमानीही सारे करू शकत नाहीत. पाण्याचा पहिला आघात कायेवरच होतो. तेव्हा आधी आकार, मग कमानी आणि शेवटी आसन, हाच क्रम शास्त्रशुद्ध ठरतो.

युरोपीय संघाने २००२ च्या निर्देशात कामगाराच्या संपूर्ण शरीरास बसणाऱ्या कंपनांची मर्यादा ठरविली: ८ तासांच्या दिवसासाठी सेकंदवर्गास १.१५ मीटर. असे मोजमाप प्रत्येक वेगवान नौकेच्या चाचणीत असावे. हजारो किलोमीटर किनाऱ्याच्या भारतात गस्त व बचाव यांसाठी नौका घेताना शांत पाण्यातील वेगाशेजारी खवळलेल्या पाण्यातील धक्क्याचा आकडाही मागितला जावा. बचावनौका वेळेवर पोहोचली, पण तिच्यातील माणसे हात उचलण्याच्या स्थितीत राहिली नाहीत, तर त्या वेगाचा उपयोग बुडणाऱ्याला होत नाही.