समजून घ्या : एफवायला नाटक, एनएसएस की अभ्यास? क्रेडिटचं गणित काय सांगतं?

ऑगस्टमधला कोणत्याही कॉलेजचा नोटीस बोर्ड पाहा. एनएसएसची नोंदणी, एनसीसीची निवड चाचणी, एकांकिकेची ऑडिशन, फेस्टसाठी स्वयंसेवक हवेत. आणि या सगळ्या कागदांखाली अर्धी झाकलेली पहिल्या अंतर्गत परीक्षेची तारीख.

घरचे म्हणतात, 'पहिलं वर्ष आहे, अभ्यासाकडे बघ.' सीनियर म्हणतात, 'हेच तर वर्ष आहे, परत येणार नाही.' हा वाद जुनाच आहे. पण नव्या शैक्षणिक धोरणानंतर त्यात एक मुद्दा नवा आला आहे. कॉलेजमधल्या काही उपक्रमांना आता थेट क्रेडिट मिळतात. मग 'अभ्यास की उपक्रम' हा प्रश्न सुटला का? तर नाही. तो फक्त तासांमध्ये मोजता येऊ लागला आहे.

नेमकं काय बदललं?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ची अंमलबजावणी महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून, तर विद्यापीठांशी संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून सुरू झाली. राज्य सरकारच्या २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयानुसार पदवीच्या एका सत्राला २० ते २२ क्रेडिट, म्हणजेच श्रेयांक, असतात. मुख्य विषय, भाषा, कौशल्य, भारतीय ज्ञान प्रणाली अशा गटांबरोबर त्यात सहअभ्यासक्रम उपक्रमांचाही गट आहे. एनएसएस, एनसीसी, क्रीडा, योग, सांस्कृतिक उपक्रम, कला हे सगळं त्यात येतं. हे क्रेडिट कोणत्या सत्रात घ्यायचे आणि पर्याय कोणते, हे विद्यापीठ आणि कॉलेजनुसार बदलतं. पण एका वेळी मिळणारे क्रेडिट साधारण दोनच असतात.

दोन क्रेडिट म्हणजे किती तास?

राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचं शिकणं धरलं आहे. त्यात वर्ग, प्रात्यक्षिकं आणि स्वतः केलेला अभ्यास सगळंच आलं. २२ क्रेडिटचं सत्र म्हणजे ६६० तास. सत्र १५ आठवड्यांचं धरलं, तर आठवड्याला ४४ तास. त्यातले उपक्रमाच्या वाट्याचे संपूर्ण सत्रात मिळून ६०.

आता एनएसएस पाहू. १९६९ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास काम करणं अपेक्षित असतं. म्हणजे सत्राला ६० तास. सात दिवसांचं विशेष शिबिर वेगळं. हे गणित चौकटीत जवळपास बसतं.

एकांकिकेचं बसत नाही. पुण्यातल्या पुरुषोत्तम करंडकासारख्या स्पर्धेसाठी कॉलेजच्या तालमी पहिल्या सत्रातच रंगतात. रोज पाच तास आणि ४० दिवस तालीम धरली, तरी २०० तास झाले. त्यातले ६० क्रेडिटमध्ये मोजले गेले असं मानलं, तरी उरलेले १४० तास कुठून तरी काढावेच लागतात. ते झोपेतून जातात, प्रवासात उरकलेल्या वाचनातून जातात, नाहीतर बुडवलेल्या लेक्चरमधून. नाटक करू नये असा याचा अर्थ नाही. नाटकाची खरी किंमत मार्कशीटवर दिसणाऱ्या दोन क्रेडिटपेक्षा बरीच जास्त आहे, एवढाच आहे.

हजेरीची सवलत पुरेशी आहे का?

बहुतेक ठिकाणी ७५ टक्के हजेरीची अट असते. कॉलेजचं प्रतिनिधित्व करणाऱ्यांना अनेकदा त्यात सवलत मिळते, पण त्यासाठी प्रभारी शिक्षकांचं पत्र वेळेत द्यावं लागतं. सवलतीने हजेरीपट भरतो, बुडलेला अकाउंट्सचा धडा मात्र भरून निघत नाही. पहिल्या सत्रातला राहिलेला विषय एटीकेटी होऊन पुढच्या सत्रात सोबत येतो, तेव्हा तिथलेही तास खातो.

मग उपक्रमांपासून लांबच राहावं?

अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ अलेक्झांडर ॲस्टिन यांनी १९८४ मध्ये 'विद्यार्थी सहभागा'चा सिद्धान्त मांडला. विद्यार्थी कॉलेजच्या जीवनात जितकी शारीरिक आणि मानसिक ऊर्जा घालतो, तितका तो शिकतो, असं त्याचं सार. त्यांच्या मांडणीत अभ्यास हाही सहभागच आहे आणि विद्यार्थ्याचा वेळ ही मर्यादित गोष्ट आहे. कॅम्पसवरच अर्धवेळ काम करणारे विद्यार्थी शिक्षणात टिकून राहण्याची शक्यता वाढते, असंही त्यांना तिथल्या अभ्यासात दिसलं होतं. आपल्याकडची 'कमवा आणि शिका' योजना आठवा. तिथे काम करणारा मुलगा पैशांसोबत कॉलेजमध्ये ओळखी आणि आपली जागाही कमावतो.

तास सगळ्यांकडे सारखे आहेत का?

खरा पेच इथे आहे. कॉलेजपासून दहा मिनिटांवर राहणाऱ्या मुलाला रात्री नऊपर्यंतची तालीम परवडते. कर्जतहून लोकलने येणाऱ्याचे रोजचे चार तास प्रवासातच जाऊ शकतात. गावाकडच्या मुलीसाठी शेवटची एसटी हीच अंतिम वेळ. मराठी माध्यमातून येऊन इंग्रजीतून विज्ञान शिकणाऱ्याला पहिल्या सत्रात तेच पान दोनदा वाचावं लागतं. नोकरी करून शिकणाऱ्याची तर गोष्टच वेगळी. या सगळ्यांना 'टाइम मॅनेजमेंट कर' सांगणं सोपं आहे, पण नसलेल्या तासांचं नियोजन कसं करणार?

म्हणून थोडी जबाबदारी कॉलेजवरही येते. अंतर्गत परीक्षांच्या तारखा सत्राच्या सुरुवातीलाच कळल्या, उपक्रमाचे ६० तास वेळापत्रकात बसवले आणि तालीम शेवटच्या गाडीआधी संपली, तर सहभाग ही फक्त जवळ राहणाऱ्यांची चैन राहणार नाही.

विद्यार्थ्याने काय करावं?

पहिल्या सत्रात एकच उपक्रम घ्या. नाव देण्याआधी सीनियरला चार गोष्टी विचारा. आठवड्याला नक्की किती दिवस? संपतं किती वाजता? हजेरीचं पत्र कोण देतं? मध्येच थांबलं तर काय? एनसीसीच्या 'बी' प्रमाणपत्रासाठी दोन वर्षांचं प्रशिक्षण आणि परेडला हजेरी लागते, तिथे शेवटचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. नाटकाची ओढ असेल, पण तास नसतील, तर पहिल्या वर्षी बॅकस्टेज करा. आणि कॉलेजमध्ये पर्याय असेल, तर आवडता उपक्रमच क्रेडिटसाठी निवडा, म्हणजे तेच तास दोनदा मोजावे लागणार नाहीत.

पहिल्या अंतर्गत परीक्षेचे गुण हाती आले की हिशेब पुन्हा मांडा. एखाद्या विषयात गाडी अडली असेल, तर प्रभारी शिक्षकांना तेव्हाच सांगा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तुमची भूमिका दुसऱ्याला देता येते. प्रयोगाच्या आदल्या आठवड्यात ते कोणालाच जमत नाही, आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात बुडालेले तासही परत मिळत नाहीत.