खेळाचा आरंभ आणि उतावळेपणा

कथाप्रधान व्हिडिओ गेमच्या आरंभीच लढाई जुंपली पाहिजे, नाही तर खेळणारा उठून जातो, हे मत अमरावती-अकोल्याच्या तरुणांतही वेदवाक्य होऊन बसले आहे. आम्हांस ते साफ अमान्य आहे. पुण्यात निर्माण झालेला ‘राजी’ (२०२०) हा खेळ पाहा. राक्षसांनी पळविलेल्या गोलूस शोधावयास त्याची बहीण निघते. परंतु सूत्रे आमच्या हाती येतात तेव्हा गोलू हरवलेलाच असतो. ज्याचा सहवास घडला नाही, त्याच्यासाठी जीव तुटावा कसा? उलट ‘द लास्ट ऑफ अस’मध्ये (२०१३) प्रथम आमच्या हाती येते ती मुलगी. अंधाऱ्या घरात ती बापाला शोधीत फिरते, एवढेच. म्हणूनच पुढे तिचा मृत्यू सोसवत नाही.

संथ म्हणजे कंटाळवाणे, असे समजणाऱ्यांनी आमच्या वऱ्हाडातले गाडगेबाबा आठवावेत. दिवसा गाव झाडून रात्री ते कीर्तनास उभे राहत, ते श्रोत्यांस प्रश्न विचारीतच; उत्तर देता देता श्रोता कीर्तनाचा होऊन जाई. सूचनांची लांबण आम्हांसही नकोच, तिने आम्हांस हमखास झोप येते. पण गोलूला घटकाभर बहिणीबरोबर जत्रेत हिंडविले असते, तर कोणता खेळणारा उठून गेला असता?