पाचांचा संघ पुरतो

दसऱ्याच्या तोंडावर कुवेतहून आलेली एक बातमी क्रिकेटच्या गदारोळात दबून गेली. २४ सप्टेंबर २०२५ रोजी फुटसालमध्ये, म्हणजे पाच-पाच जणांच्या छपराखालच्या फुटबॉलमध्ये, भारताच्या संघाने मंगोलियाला ३-० असे हरवले. आशियाई चषकाच्या पात्रता फेरीतला हा सामना. आधी यजमान कुवेत आणि ऑस्ट्रेलियाकडून हार पत्करावी लागल्याने मुख्य स्पर्धा हुकलीच. तरीही या विजयाचे आम्हाला मोल वाटते, कारण आंतरराष्ट्रीय फुटसालमध्ये भारताचा हा पहिलाच विजय आहे.

आपण या खेळात फार उशिरा आलो. फिफाचा फुटसाल विश्वचषक १९८९ पासून, तर आशियाई स्पर्धा १९९९ पासून सुरू आहे. २०१६ मध्ये भारतात सुरू झालेल्या व्यावसायिक फुटसाल लीगमध्ये गोव्याच्या नावाच्या संघातून ब्राझीलचा रोनाल्डिन्हो खेळून गेला, पण ती लीग दोन हंगामांत आटोपली. राष्ट्रीय फुटबॉल महासंघाने क्लबांची स्पर्धा दिल्लीत भरवली ती २०२१ मध्ये. आशियाई पात्रता फेरीत आपला संघ प्रथम उतरला ऑक्टोबर २०२३ मध्ये, ताजिकिस्तानातल्या दुशान्बेत. बहारीन, पॅलेस्टाइन आणि म्यानमार या तिघांनीही आपल्याला हरवले. तिथून दोन वर्षांत, इराणच्या रेझा कोर्डी यांच्या मार्गदर्शनाखाली, हा पहिला विजय. आशियात सर्वाधिक विजेतेपदे इराणचीच, तेव्हा गुरू योग्य घरचा मिळाला आहे.

मालवणात बसून आम्ही यावर अग्रलेख लिहितो, त्याला कारण आहे. ओहोटीच्या वेळी दांडीच्या किनाऱ्यावर जाऊन पाहा. ओल्या, घट्ट वाळूत चपलांचे गोल मांडून पोरे अनवाणी खेळत असतात. पाणी पिऊन जड झालेला चेंडू उसळत नाही, पायालगतच राहतो. जागा अरुंद, त्यामुळे विचार करायला सवड नसते. चेंडू आला की लगेच द्यायचा. भरती चढू लागली की मैदान आणखी आक्रसते. फुटसालचा चेंडूही मुद्दाम कमी उसळणारा बनवतात आणि बाहेर गेलेला चेंडू चार सेकंदांत आत आणावा लागतो. आमच्या पोरांना हा खेळ शिकवण्याआधीच निम्मा येतो.

मुळात हा खेळ अडचणीतूनच जन्मला. १९३० मध्ये उरुग्वेच्या माँटेव्हिडिओत हुआन कार्लोस सेरियानी या शिक्षकाने तो बास्केटबॉलच्या मैदानावर बसवला. अडचणी आपल्या कोकणातही आहेत. सपाट जमीन कमी. सड्यावर जांभा फोडून मैदान करावे, तर चार महिने पावसात ते हातचे जाते. त्यातही खरा प्रश्न मुलांचा आहे. चाकरमान्यांच्या या जिल्ह्यात कित्येक शाळांची पटसंख्या इतकी घटली आहे की अकरा खेळाडू जमवायचे तर पहिलीच्या मुलालाही उभे करावे लागेल. पाच मात्र कुठल्याही वाडीत जमतात. अकरांचा संघ होत नाही म्हणून ज्या मुलाच्या पायातले कसब वाळूतच राहते, त्याच्यासाठी हा खेळ आहे.

आंतरराष्ट्रीय सामन्याला साधारण ४० बाय २० मीटरची जागा लागते. स्थानिक सामन्यांना मात्र २५ बाय १६ मीटरही नियमात बसते. एवढे छप्पर प्रत्येक तालुक्याला मिळावे, ही आमची शासनाकडे मागणी आहे. ते होईल तेव्हा होईल. तोवर ज्यांच्या हाती शाळांच्या आणि संस्थांच्या मोठ्या सभागृहांच्या किल्ल्या आहेत, त्यांना विनंती: या दिवाळीच्या सुट्टीत आठवड्यातल्या दोन संध्याकाळी खुर्च्या भिंतीला लावा आणि दार पोरांसाठी उघडे ठेवा.