भयकथेचा वाचक आणि समीक्षेचे मौन

भयकथा, गूढकथा आणि अद्भुतकथा आवर्जून वाचणारा एक मोठा वाचकवर्ग मराठीत आहे. हा वर्ग आज नेमके काय वाचतो, या साध्या प्रश्नाचे उत्तर आपल्या विद्यापीठीय अभ्यासातून मिळत नाही. ग्रामीण, दलित, स्त्रीवादी, महानगरीय अशा विविध प्रवाहांचा विचार आपल्या विभागांनी साक्षेपाने केला आहे. मात्र भयकथेचा विषय निघाला की ‘रंजनपर’ हे एकच विशेषण पुरेसे मानले जाते आणि चर्चा तेथेच थांबते. या मौनाचे परिणाम काय होतात आणि ते सुटणे आवश्यक का आहे, याविषयी काही विचार येथे मांडावयाचे आहेत.

प्रथम वाचनाचे चित्र पाहू. या वाचकाच्या हाती आजही सर्वाधिक दिसतात ते दोन दिवंगत लेखक : नारायण धारप (१९२५-२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८-२०२०). शंभरांहून अधिक पुस्तके लिहिणाऱ्या धारपांच्या कादंबऱ्या नव्या मुखपृष्ठांनिशी पुनर्मुद्रित होतात. ‘लुचाई’, ‘चेटकीण’, ‘ग्रास’, ‘शपथ’, ‘४४० चंदनवाडी’ ही नावे त्यांच्या निधनानंतर वाचू लागलेल्या पिढीलाही परिचित आहेत. मतकरींचे ‘खेकडा’, ‘मध्यरात्रीचे पडघम’, ‘ऐक टोले पडताहेत’ हे संग्रह तसेच टिकून आहेत. समकालीनांपैकी हृषीकेश गुप्ते यांच्या ‘अंधारवारी’, ‘घनगर्द’, ‘हाकामारी’ या पुस्तकांनी या परंपरेला नवे वळण दिले आहे. ‘नवल’, ‘धनंजय’ यांसारख्या दिवाळी अंकांनी रहस्य आणि गूढ यांची आवड दीर्घकाळ जोपासली. आता त्यांच्या जोडीला श्राव्य पुस्तके आणि भ्रमणध्वनीवर क्रमशः वाचल्या जाणाऱ्या कथा आल्या आहेत. अद्भुताच्या बाबतीत मात्र हा वाचक प्रामुख्याने अनुवादांवर अवलंबून आहे. ‘हॅरी पॉटर आणि परीस’ या मराठी शीर्षकात पाश्चात्त्य किमयागाराच्या दगडाला ‘परीस’ हा आपला शब्द सहज सापडला, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. शब्द आपल्याजवळ होता. त्या शब्दाभोवती उभी राहणारी आधुनिक कादंबरी मात्र बाहेरून आणावी लागली.

असे का व्हावे? मराठी कादंबरीचा आरंभच मुळी अद्भुताच्या सावलीत झाला. ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ एकोणिसाव्या शतकातील वाचकाने मोठ्या चवीने वाचल्या. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ साली आली. त्याच दशकात ‘मंजुघोषा’ लिहिणाऱ्या नारो सदाशिव रिसबूड यांनी आपल्या प्रस्तावनेत या ओढीचे कारणही सांगून ठेवले आहे. आपल्या लोकांच्या रूढिबद्ध जीवनात चित्तवेधक असे काही घडत नाही. रोजचेच लिहिले तर मनोरंजन होणार नाही. म्हणून लेखकाला अद्भुताचा आश्रय घ्यावा लागतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. हरिभाऊ आपट्यांनी रिसबुडांचा हा युक्तिवाद आपल्या लेखनाने खोडून काढला. मध्यमवर्गीय घरातल्या मुलीचे रोजचे जीवनही कादंबरीचा विषय होऊ शकते, हे ‘पण लक्षात कोण घेतो?’ने सिद्ध केले. तो मराठी वाङ्मयातील मोठा विजय होता, यात शंका नाही. मात्र त्या विजयानंतर अद्भुत हे वाङ्मयाच्या बाल्यावस्थेचे लक्षण आणि वास्तव हे त्याच्या प्रौढत्वाचे लक्षण, असे समीकरण आपल्या वाङ्मयेतिहासात रूढ झाले. नाथमाधवांच्या ‘वीरधवल’चे वाचक पुढेही कमी झाले नाहीत; वाङ्मयेतिहासातील त्यांची जागा तेवढी आक्रसत गेली.

वस्तुतः ज्या काव्यशास्त्राचे अध्यापन आपण पदव्युत्तर वर्गात करतो, त्यात भय आणि विस्मय यांना दुय्यम स्थान नाही. भरताच्या आठ रसांपैकी भयानक, बीभत्स आणि अद्भुत हे तीन रस तर आधुनिक भयकथेचेच घटक होत. अभिनवगुप्ताने रसानुभवाचे विवेचन करताना भयानक रसाचेच उदाहरण घेतले आहे. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात रथापुढे जीव घेऊन धावणारे हरिण पाहताना प्रेक्षकाला जे भय जाणवते, ते ना त्या हरिणाचे असते, ना प्रेक्षकाचे स्वतःचे. स्थलकालाच्या आणि व्यक्तित्वाच्या मर्यादांतून ते मुक्त झालेले असते. भीतीचा आस्वाद कसा संभवतो, या प्रश्नाचे इतके मूलगामी उत्तर आपल्या हाताशी आहे. असे असूनही साधारणीकरण शिकविताना आपण या विवेचनाला ‘लुचाई’ वाचून रात्री दिवा न मालवणाऱ्या वाचकाशी क्वचितच जोडतो. भय आपल्याला रस म्हणून मान्य आहे, वाङ्मयप्रकार म्हणून अमान्य आहे. ही विसंगती आपल्या ध्यानात येत नाही.

या विसंगतीची दुसरी बाजू अधिक बोलकी आहे. तेच अतिमानुष घटक प्रतिष्ठित लेखकाच्या लेखनात आले की आपण त्यांना वेगळे नाव देतो. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या ‘कोंडुरा’ (१९६६) मधील दैवी शक्ती आणि तिच्या आज्ञेचे ओझे यांची चर्चा आपण नियती, पाप आणि श्रद्धा या संज्ञांनी करतो. जी. ए. कुलकर्णींच्या ‘रमलखुणा’तील कल्पित प्रदेशांना आपण रूपककथेच्या सदरात घालतो. या संज्ञा चुकीच्या आहेत असे नाही. परंतु त्या वापरताना वाचकाला प्रत्यक्ष जाणवणारे भय आपण नकळत बाजूस सारतो. उलटपक्षी धारपांच्या बाबतीत आपण केवळ भयच पाहतो, त्यामागील अर्थव्यूह पाहत नाही. मतकरींचे उदाहरण या दोहोंच्या मधले आहे. त्यांना मान्यता लाभली ती मुख्यतः नाटक आणि बालनाट्य यांमुळे. त्यांच्या गूढकथेला तिच्या स्वतःच्या बळावर समीक्षेचे दार पुरते उघडलेले नाही. त्स्वेतान तोदोरोव्ह या समीक्षकाने १९७० साली अद्भुताची जी मीमांसा केली, तिच्या केंद्रस्थानी वाचकाची दोलायमानता आहे : घडले ते मनाचा खेळ होता की खरोखरच निसर्गनियमांच्या पलीकडचे होते, हा निर्णय लांबणीवर पडत राहतो. मतकरींची चांगली गूढकथा याच लांबणीवर उभी असते. धारपांच्या ‘समर्थ’ कथांत मात्र ही दोलायमानता लवकर संपते. तेथे अमंगल शक्ती निःसंशय आहे. प्रश्न उरतो तो तिच्या निवारणाचा. भयाचे हे दोन प्रकार रचनेच्या दृष्टीने भिन्न आहेत आणि वाचकाकडून होणारी त्यांची अपेक्षाही भिन्न आहे. एवढा प्राथमिक भेदही ‘रंजनपर’ या विशेषणाखाली दडपला जातो.

धारपांविषयीचा सर्वांत परिचित आक्षेप उसनवारीचा आहे. ‘लुचाई’मागे स्टीफन किंगची ‘सेलम्स लॉट’ (१९७५) आणि ‘शपथ’मागे त्याचीच ‘इट’ (१९८६) आहे, हे जाणकार वाचकाला ठाऊक असते. मूळ कृतीचे ऋण पुस्तकावर स्पष्ट नोंदविले जावे, ही अपेक्षा रास्तच आहे. पण त्याने अभ्यास संपत नाही. तो तेथून सुरू होतो. कारण भय हे संस्कृतिसापेक्ष असते. आपल्या लोकपरंपरेतील भुते पाहावीत. मुंजा म्हणजे मुंज झालेला, पण सोडमुंजीपूर्वीच मेलेला मुलगा. अळवंत म्हणजे बाळंतपणात मेलेली स्त्री. समंध म्हणजे वासना अडकून राहिलेला मृत. या प्रत्येकामागे एक अपुरा राहिलेला संस्कार, एक न फिटलेले देणे आहे. आपले भूत नात्यागोत्यातले असते, ते काही मागते, आणि त्याचे मागणे बहुधा न्याय्यही असते. पाश्चात्त्य रक्तपिपासू प्रेताचे तसे नाही. ते साथीच्या रोगासारखे पसरते. त्याला देणेघेणे नाही, केवळ भूक आहे. ही कल्पना मराठी गावात आणताना लेखकाला काय काय बदलावे लागते? क्रूस आणि पवित्र जल यांच्या जागी तो काय ठेवतो? गावकीच्या रचनेत संसर्गाचे भय कोणत्या मार्गाने शिरते? रूपांतराच्या अभ्यासाला याहून समृद्ध सामग्री क्वचितच मिळेल. शेक्सपिअरच्या मराठी रूपांतरांवर आपण जे कष्ट घेतो, त्यांचा अल्पांश येथे खर्च करण्यास हरकत नसावी.

‘तुंबाड’ (२०१८) या हिंदी चित्रपटाचा प्रवास या संदर्भात लक्षणीय आहे. त्याचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीवरून सुचले, तर कथाबीज दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी १९९३ मध्ये मित्राच्या तोंडून ऐकलेल्या धारपांच्या एका कथेत आहे. ती कथा, ‘आजी’, स्वतः किंगच्या एका कथेवर आधारलेली. म्हणजे अमेरिकी लघुकथा, मराठी रूपांतर, रात्री सांगितलेली गोष्ट आणि अखेर कोकणातील वाड्यात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेल्या लोभाचे चित्र, असा हा क्रम आहे. शेवटच्या टप्प्यावर उसने भय पुन्हा आपल्या जातीचे होते : वारशाचे, न फिटणाऱ्या देण्याचे. २०२४ मध्ये हा चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला आणि पहिल्या वेळेपेक्षा अधिक चालला. धारपांचे नाव नव्या वाचकांच्या तोंडी येण्यास त्याचा हातभार लागला. या वाचकाने धारपांविषयी काही गंभीर वाचावयाचे ठरविले, तर त्याच्या हाती आपण काय देणार आहोत?

भयकथेवरील दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि महाराष्ट्रात तो टाळता येत नाही. अशा लेखनाने अंधश्रद्धा वाढीस लागते, असे म्हटले जाते. ज्या प्रदेशात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला, तेथे हा प्रश्न केवळ वाङ्मयीन राहत नाही. माझ्या मते येथे एक भेद करावयास हवा. बुवा श्रद्धा मागतो आणि तिची किंमत वसूल करतो. कथा काही काळापुरती संमती मागते आणि पुस्तक मिटताच ती परत करते. भयकथेचा रसिक हा करार पुरता ओळखतो, म्हणूनच तो त्याच भयाकडे पुन्हा पुन्हा आनंदाने जातो. म्हणून सरसकट आक्षेप टिकत नाही.

परंतु एवढ्याने भयकथेची सुटकाही होत नाही. ‘चेटकीण’ हा शब्द मुखपृष्ठावर पुस्तक खपवितो. सातपुड्याच्या परिसरात ‘डाकीण’ हा त्याच्याच जातीचा शब्द एखाद्या स्त्रीला मारहाणीला आणि बहिष्काराला सामोरे जावयास लावतो. भयकथेत अमंगल कोणाच्या देहातून प्रकटते? एकट्या स्त्रीच्या, परक्या माणसाच्या, गावकुसाबाहेरच्या भगताच्या? निवारण करणारा कोणत्या वर्गातून, कोणत्या भाषेत बोलत येतो? भयकथा समाजाच्या भीतीला वाट करून देते, तशीच ती त्या भीतीला सोयीचा चेहराही पुरविते. कोणती कथा पूर्वग्रह पक्का करते आणि कोणती त्याचेच भय वाटावयास लावते, हे सांगणे समीक्षेचे काम आहे. स्त्रीवादी आणि दलित साहित्याच्या अभ्यासाने आपल्याला या प्रश्नांची साधने दिली आहेत. ती या लेखनाला न लावणे म्हणजे तटस्थता नव्हे. ज्या पुस्तकांनी अनेक वाचकांच्या मनातील भयाला आकार दिला, त्यांना प्रश्नांपासून दिलेली ती सूट आहे.

प्रत्यक्षात काय करता येईल? पहिले काम अगदी प्राथमिक आहे : या वाङ्मयाची वर्णनात्मक सूची. पुनर्मुद्रित प्रतींवर पहिल्या आवृत्तीचे साल नेहमीच मिळते असे नाही, आणि मूळ प्रती ज्या पेठेपेठेतील, नाक्यानाक्यावरील खाजगी वाचनालयांत होत्या, ती वाचनालये एकामागून एक बंद होत आहेत. त्यांच्या नोंदवह्या, पुस्तकाच्या शेवटी चिकटविलेल्या तारखांच्या चिठ्ठ्या, झिजलेल्या प्रती हे वाचनाच्या इतिहासाचे पुरावे आहेत. जुने दिवाळी अंक रद्दीत गेले की पुष्कळशा कथांचे प्रथम प्रकाशन कायमचे अज्ञात राहील. दुसरे काम रूपांतरांच्या तौलनिक अभ्यासाचे. तिसरे, पदव्युत्तर वर्गातील रससिद्धान्ताच्या तासाला खानोलकर, धारप, मतकरी आणि गुप्ते यांची एकेक कृती शेजारी शेजारी ठेवून वाचण्याचे. यासाठी नव्या अभ्यासपत्रिकेचीही आवश्यकता नाही.

या विषयावर संशोधन करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला ‘विषय हलका आहे’ असे सांगून परत पाठविण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. विषयाला वजन येते ते त्याला विचारलेल्या प्रश्नांमुळे. पुढच्या वेळी असा विद्यार्थी येईल तेव्हा त्याला निदान एका बंद पडत चाललेल्या वाचनालयाचा पत्ता द्यावा आणि तेथील नोंदवही प्रथम पाहावयास सांगावे.