‘व्हिंटेज’ पद्मिनी घेताय? आधी रंग नाही, पत्रा बघा

मागच्या महिन्यात गावातल्या एका मित्राचा मेसेज आला. सोबत एक रील. क्रीम रंगाची प्रीमियर पद्मिनी, मागे जुनं गाणं, खाली लिहिलेलं: ‘व्हिंटेज, एकदम कडक कंडिशन’. हा पठ्ठ्या श्रीपुरात बसून मुंबईच्या त्या गाडीला यूपीआयनं टोकन पाठवायला निघाला होता. मी एवढंच विचारलं, “खालून बघितलीस का?”

जुन्या गाड्यांची ही क्रेझ अचानक आलेली नाही. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली होती. टॅक्सीला 20 वर्षांची मर्यादा असल्यामुळे 30 ऑक्टोबर 2023 पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. तेव्हा सगळ्यांचे स्टेटस त्या फोटोंनी भरले होते. गाडी गेली, आठवण राहिली, आणि आठवणीला भाव आला.

‘व्हिंटेज’ म्हणजे नक्की काय?

केंद्र सरकारच्या 2021 च्या नियमानुसार 50 वर्षं पूर्ण झालेली, धंद्यासाठी न वापरलेली दुचाकी किंवा चारचाकीच व्हिंटेज ठरते. तिला ‘व्हीए’ अक्षरं असलेला वेगळा नंबर मिळतो. नवीन नोंदणीची फी 20,000 रुपये आणि ती 10 वर्षं चालते. पण ही गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही.

आता गणित करा. फियाट 1100 च्या या गाडीला ‘पद्मिनी’ हे नाव मिळालं 1974 मध्ये. म्हणजे अगदी पहिल्या पद्मिनी आत्ता कुठे पन्नाशी ओलांडतायत. रीलमधली गाडी 1994 ची होती. ती व्हिंटेज नाही, नुसती जुनी आहे. तिला साध्या गाडीसारखंच दर पाच वर्षांनी आरटीओत तपासणी करून नोंदणी वाढवून घ्यावी लागते. 20 वर्षांवरच्या कारसाठी ही फी ऑगस्ट 2025 पासून 10,000 रुपये झाली आहे. म्हणजे सडलेली गाडी दर पाच वर्षांनी तुमचा खिसा कापणार.

नियमात आणखी एक मेख आहे. व्हिंटेज गाडीच्या चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार झालेला चालत नाही. त्यामुळे खरोखर 50 वर्षांची गाडी मिळाली, तरी गंजामुळे अर्धी बॉडी बदललेली असेल तर प्रश्न उभा राहू शकतो. गंज हा फक्त दिसण्याचा मामला नाही.

पद्मिनीला वेगळी चासी नसतेच

जीपला खाली शिडीसारखी चासी असते: दोन लांब लोखंडी पट्ट्या आणि मध्ये आडव्या दांड्या. वरची बॉडी सडली तरी ती काढून दुसरी बसवता येते. पद्मिनीत तसं नाही. तिथे फ्लोअर, दरवाजाखालच्या पट्ट्या, खांब आणि छत मिळूनच सांगाडा बनतो. पत्रा सडला म्हणजे सांगाडा सडला.

लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की गंज चढतो. मीठ त्याचा वेग वाढवतं, म्हणून समुद्राकाठी राहिलेल्या गाडीकडे जास्त संशयानं बघा. आपल्याकडे पाऊस कमी, पण निर्धास्त राहू नका. उसाच्या फडातला चिखल खाली सांदीकोपऱ्यात बसला की ओल धरून ठेवतो, आणि गंज आतून सुरू होतो.

फोन किती कामाचा?

‘मेटल डिटेक्टर’ ॲपनं गंज सापडत नाही. ते ॲप फोनमधला होकायंत्राचा सेन्सर वापरतं. त्याला जवळ लोखंड आहे एवढं कळतं. अख्खी गाडीच लोखंडाची, मग ते सांगणार काय? त्यापेक्षा फडक्यात गुंडाळलेला छोटा चुंबक भारी. पत्र्यावर चिकटतो आणि एखाद्या जागी सुटतो, तिथे खाली पुट्टी, म्हणजे आपली लांबी, भरलेली असू शकते. (चुंबक फोनपासून लांब ठेवा.)

खरं काम करतो तो टाइप-सीला जोडायचा एंडोस्कोप कॅमेरा. दरवाजाखालच्या पट्टीला पाणी निघायला भोकं असतात. मालकाची परवानगी घेऊन तिथून कॅमेरा आत घाला. बाहेरून चकचकीत असलेली पट्टी आतून पापुद्रे सुटलेली दिसली, की उत्तर मिळालं.

या जागा सोडू नका

- मॅट उचलून फ्लोअर, विशेषतः पायांजवळ
- डिकीत स्टेपनीखालचा खड्डा
- बॅटरीखालचा पत्रा
- मागचे पाटे जिथे बॉडीला जोडलेत त्या जागा
- जॅक लावायच्या जागा
- दरवाजा: उघडताना खाली लोंबला तर बिजागरीचा खांब तपासा

खाली नुकताच काळा कोट मारलेला असेल तर खूश होऊ नका, ‘का मारला?’ हे विचारा. हलकेच ठोकून बघा. चांगला पत्रा टणकन वाजतो, सडलेला बद्द. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच जाऊ नका. गॅरेजच्या रॅम्पवर घ्या.

वरवरचा तांबूस थर घासून निघतो. पापुद्रे निघत असतील तर डेंटरला दाखवा. पाट्यांच्या जोडाशी किंवा पट्ट्यांना भोकं असतील तर गाडी सोडा.

शेवटी चासी नंबर. गाडीवर कोरलेला नंबर आरसीशी स्वतःच्या डोळ्यांनी जुळवा. एमपरिवहन ॲपवर तो पूर्ण दिसत नाही. गंजानं नंबरच खाल्ला असेल, किंवा तो तुकडा कापून वेल्डिंग केलेलं असेल, तर गाडी नावावर करताना अकलूजच्या आरटीओत अडकलात म्हणून समजा.

मित्रानं मालकाला लाइव्ह व्हिडिओ कॉलवर गाडीखालचा भाग दाखवायला सांगितलं. “आत्ता लाइट नाही” हे उत्तर तीन दिवस आलं. चौथ्या दिवशी रील डिलीट झाली होती. टोकनचे पैसे अजून मित्राच्याच खात्यात आहेत, आणि आता तो एक जीप बघतोय. या वेळी चुंबक घेऊन.