वृद्धाश्रम परके नाहीत

‘वृद्धाश्रम हे पाश्चात्त्यांचे खूळ, आपल्या एकत्र कुटुंबात म्हातारे माणूस कधी उघड्यावर पडले नाही,’ हे वाक्य सभांमध्ये हमखास टाळ्या घेते. इतिहास मात्र त्याला दुजोरा देत नाही.

पुण्याच्या नवी पेठेतला ‘निवारा’ वृद्धाश्रम म्हणजे मूळचे डेव्हिड ससून अनाथ पंगू गृह. बगदादहून मुंबईत आलेल्या या ज्यू व्यापाऱ्याच्या देणगीतून ते १८६०च्या दशकात उभे राहिले. त्याआधीच सर जमशेटजी जिजीभाईंनी मुंबईत बेलासिस रोडवर वृद्ध, आंधळ्या आणि निराधारांसाठी धर्मशाळा बांधली होती. एकत्र कुटुंबे तेव्हा भक्कम होती. मग तिथे राहायला येत कोण होते?

उत्तर १८६३च्या पुण्यात सापडते. जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, विधवांनी गुपचूप येऊन बाळंत व्हावे म्हणून. वाड्यांमध्ये माणसांची वानवा नव्हती, पण गरोदर विधवेला तिथे थारा नव्हता. अशाच एका विधवेचा, काशीबाईंचा मुलगा यशवंत फुल्यांनी पुढे दत्तक घेतला. कुटुंबाचा आधार होता, पण कुटुंबाने ज्यांना आपले म्हटले त्यांनाच. निपुत्रिक म्हातारे, महारोगी, टाकलेल्या बायका त्याच्या बाहेरच राहिल्या.

‘संस्था म्हणजे कोंडवाडा,’ हा दुसरा आक्षेप. त्यात तथ्य आहे. १९५९च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यात भीक मागताना पहिल्यांदा सापडलेल्याला एक ते तीन वर्षे डांबून ठेवण्याची तरतूद आहे. पण हा दोष पोलिसी बडग्याचा. त्याचे खापर आश्रयावर कशाला? गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा बांधल्या, आंधळ्या-पांगळ्यांसाठी सदावर्ते घातली. तिथे गरिबाला पकडून आणावे लागले नाही.

‘मग दानशूर माणसेच पुरे आहेत,’ असेही कोणी म्हणेल. पण दानशूर प्रत्येक तालुक्यात जन्मत नाहीत. गोव्यात ‘प्रोव्हेदोरिया’ ही सरकारी संस्था पोर्तुगीज अमदानीपासून निराधारांचा सांभाळ करते. तिचे वृद्धाश्रम आजही चालू आहेत. २००७च्या केंद्रीय कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० निर्धन वृद्धांची सोय होईल असा एक आश्रम काढण्याची मुभा राज्यांना दिली. बंधन मात्र घातले नाही.

ते बंधन घातले गेले पाहिजे. जिल्ह्याच्या आश्रमात रात्रपाळीला नर्स हवी, अंथरुणाला खिळलेल्यांची कूस बदलायला मदतनीस हवेत, आणि त्यांचे पगार दरवर्षी अर्थसंकल्पातून वेळेवर निघायला हवेत.